मेटॅलिकाची १९८२ची डेमो कॅसेट: कच्चेपणा वादनातला किती आणि फितीतला किती?

पेठेतला_पंखा (धागाकर्ता)

मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडची 'नो लाइफ टिल लेदर' ही डेमो (नमुन्यादाखल केलेली) कॅसेट जुलै १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात ध्वनिमुद्रित झाली. तिच्यावर सात गाणी आहेत आणि २५ जुलै १९८३ रोजी आलेल्या 'किल एम ऑल' या पहिल्या अल्बमवर ही सातही गाणी पुन्हा आहेत. गाणी तीच आणि मध्ये अंतर जेमतेम वर्षाचे, पण वाजवणाऱ्या चौघांपैकी दोघे बदललेले आहेत. डेमोवर लीड गिटार डेव्ह मस्टेनची आणि बास रॉन मॅकगव्हनीचा आहे, तर अल्बमवर त्या जागी कर्क हॅमेट आणि क्लिफ बर्टन आहेत. गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उलरिक दोन्हीकडे आहेत आणि डेमोच्या वेळी ते दोघेही अवघे अठरा वर्षांचे होते.

आम्ही सदाशिव पेठेतली काही मंडळी सध्या ही दोन्ही ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकत आहोत, आणि दर वेळी चर्चा एकाच ठिकाणी येऊन अडते. डेमो ऐकल्यावर कोणीतरी म्हणतो की काय आग आहे, अल्बममध्ये ही आग विझली. मग दुसरा विचारतो की ही आग वाजवणाऱ्यांची, की चार कॅसेट डेकांमधून कॉपी होत आलेल्या कॅसेटची? झांजा बोथट झालेल्या, गिटारच्या कडा झिजलेल्या, मागे अखंड खरखर, आणि गाणे मूळ वेगापेक्षा किंचित पळणारे, अशी ही प्रत असते. त्यातले काय बँडने केले आणि काय फितीने केले, हे वेगळे काढल्याशिवाय त्या अठरा वर्षांच्या मुलांविषयी आपण जे बोलतो त्याला फारसा आधार राहत नाही, असे माझे मत आहे. जाणकारांनी यावर लिहावे, ही विनंती.

कोथरूडकर

धागाकर्त्यांच्या उत्साहाला धक्का लावण्याची इच्छा नाही, पण मुळात एवढ्या चिकित्सेची गरज काय, असा प्रश्न पडतो. डेमो ही गोष्ट कार्यक्रम मिळावेत आणि एखाद्या रेकॉर्ड कंपनीने दार उघडावे यासाठी केलेली असते. काम झाले की तिचे प्रयोजन संपते. हेटफिल्डचा आवाज या कॅसेटवर पातळ आणि चढा आहे, त्यावर प्रतिध्वनीचा मुलामा आहे, आणि त्या काळात हा बँड स्वतःच दुसरा गायक शोधत होता. आर्मर्ड सेंट या बँडच्या जॉन बुशला त्यांनी विचारलेही होते. ज्या गोष्टीवर खुद्द करणाऱ्यांचा भरवसा नव्हता, तिच्यापुढे आपण उदबत्ती का लावावी? नाव न सांगता ही कॅसेट ऐकवली, तर ती दुसऱ्यांदा लावा असे म्हणणारे किती निघतील?

फितीवाला

मूळ प्रश्नाचे तांत्रिक उत्तर बऱ्याच अंशी देता येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून (फीत वाचणाऱ्या भागावरून) सरकते, निदान तशी सरकावी अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात घरगुती डेकचा वेग टक्का-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे असणे ही नेहमीची बाब आहे. ढिला पडलेला बेल्ट किंवा झिजलेला पिंच रोलर (फीत ओढणारे रबरी चाक) असेल तर विचारायलाच नको. सावकाश फिरणाऱ्या डेकवर भरलेली कॅसेट बरोबर वेगाच्या डेकवर लावली की गाणे पळते आणि त्याची पट्टीही चढते. फरक सहा टक्क्यांचा असेल तर पट्टी पूर्ण अर्ध्या स्वराने चढते, म्हणजे गिटारच्या जाड तारेवरचे पांढरी तीनचे गाणे पांढरी चारला जाऊन बसते. अशा दोन-तीन पिढ्यांच्या कॉपीत या चुका कधी एकमेकींना खोडतात, कधी साचत जातात. 'डेमोवर सगळी गाणी किती वेगात वाजवली आहेत' असे म्हणणाऱ्यांनी म्हणूनच आधी गिटार कोणत्या पट्टीत ऐकू येते ते पाहावे.

दुसरा पुरावा विजेच्या हमिंगचा, म्हणजे वीजपुरवठ्यामुळे आवाजात मिसळणाऱ्या बारीक गुणगुणीचा आहे. अमेरिकेत घरगुती वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे आणि आपल्याकडे ५० हर्ट्झचा. साध्या डेकवर भरलेल्या फितीत हे हमिंग थोडेफार उतरतेच. कॅसेट संगणकात उतरवून घ्यावी आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रणालीत तिचा वर्णपट, म्हणजे किती हर्ट्झचा आवाज किती आहे याचा आलेख, काढावा. अमेरिकेत भरलेल्या प्रतीत ६० च्या आसपास बारीक उंचवटा दिसतो. तो ६२ च्या जवळ सरकलेला असेल तर आपण ती प्रत सुमारे तीन टक्के जलद ऐकत आहोत. त्याच आलेखात ५० च्या आगेमागे आणखी एक उंचवटा असेल तर मधली एखादी कॉपी आपल्याकडच्या किंवा युरोपातल्या विजेवर झालेली आहे, आणि तो नेमका ५० वर असेल तर ते हमिंग बहुधा आपल्याच टेबलावरच्या डेकचे आहे. अर्थात अमेरिकेतही ती कॅसेट अनेक घरांतून फिरलेली असल्याने ६० चे उंचवटे एकाहून अधिक निघू शकतात, आणि मग त्यातला मूळ मुद्रणाचा कोणता हे आलेख सांगत नाही. सांगतो तो एवढेच की ऐकू येणाऱ्या वेगावर आंधळा विश्वास ठेवू नये.

तिसरी गोष्ट झांजांची. डेकच्या हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, बहुतेक डेकांत स्प्रिंगवर बसवलेला. त्याने हेडचा फितीशी असलेला कोन ठरतो. कारागीर त्याला ॲझिमथ म्हणतात. ज्या डेकवर कॅसेट भरली त्याचा कोन आणि आपल्या डेकचा कोन जुळला नाही की वरचे स्वर सर्वांत आधी मरतात. जुन्या बाजारातून आणलेला माझा डेक तपकीर गल्लीत नवे बेल्ट टाकून घेतला, तेव्हा तिथल्या कारागिराने कॅसेट चालू ठेवून बारीक पेचकसाने तो स्क्रू केसभर फिरवून दाखवला होता. गोणपाट टाकून झाकल्यासारखा येणारा आवाज एकदम उघडला, आणि ज्या प्रतीत झांज नाहीच असे वाटत होते तिच्यात ती टणटणीत ऐकू येऊ लागली. तेव्हा धागाकर्त्यांनी म्हटलेला 'बोथटपणा' हा काही वेळा त्या कॉपीचाही दोष नसतो, तो आपल्याच डेकचा असतो.

पेठेतला_पंखा

फितीवाला, हा प्रतिसाद म्हणजे पर्वणीच. हमिंगचा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. येत्या रविवारी आमच्याकडची प्रत संगणकात उतरवून पाहतो.

कोथरूडकरांना उत्तर देताना एकच गाणे घेतो, कारण सातही गाण्यांवर लिहायचे तर स्वतंत्र धागा लागेल. डेमोवर 'द मेकॅनिक्स' नावाचे गाणे आहे. ते मस्टेनचे आहे आणि त्याचे शब्द पेट्रोल पंपावरच्या द्व्यर्थी थट्टेचे आहेत; घरात मोठी माणसे असताना लावू नयेत अशा जातीचे. मस्टेनला एप्रिल १९८३ मध्ये न्यूयॉर्कला काढून टाकून बसने परत पाठवण्यात आले आणि त्यानंतर अल्बममध्ये हेच गाणे 'द फोर हॉर्समेन' झाले. शब्द बदलून त्यांत बायबलमधले प्रलयाचे चार घोडेस्वार आले, लय थोडी बसवली गेली, मध्यभागी एक संथ, सुरेल टप्पा आला आणि गाण्याची लांबी सात मिनिटांच्या पुढे गेली. मस्टेनने मात्र स्वतःचा मेगाडेथ हा बँड काढून १९८५ मध्ये पहिल्या अल्बमवर तेच गाणे जुन्या शब्दांसह, आणखी जोरात पळवून वाजवले.

डेमो हाताशी नसेल तर हा सगळा प्रकार दोन बँडांच्या भांडणाची गोष्ट म्हणून वाचायला मिळतो. डेमो ऐकली की कळते की मूळ रिफमध्येच, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्वरांच्या तुकड्यातच, दोन्ही रस्ते होते. पहिल्या रिफची ती टापांसारखी दौड डेमोवरही तशीच आहे. फक्त तिथे तिला पुढे कुठे जायचे नाही, ती गोल फिरून परत येते. अल्बममध्ये तिच्याभोवती रचना उभी केली गेली. ही रचना कोणत्या टप्प्यावर सुचली असेल, काय नको म्हणून काढले असेल, हे प्रश्न फक्त अल्बम ऐकून पडतच नाहीत. मला डेमो ऐकायला आवडते ते यासाठी, आणि त्यासाठी उदबत्ती लावावी लागत नाही.

सोलोंचे, म्हणजे लीड गिटारच्या एकट्याच्या तुकड्यांचेही तेच. मस्टेनच्या सोलोंच्या सुरुवाती अल्बममध्ये हॅमेटने अनेक ठिकाणी राखल्या आणि पुढे तो आपल्या वाटेने गेला. 'फँटम लॉर्ड' किंवा 'मेटल मिलिशिया' यांचे सोलो दोन्हीकडचे लागोपाठ लावून पाहावेत. एकाच वाक्याची सुरुवात एकाची आणि शेवट दुसऱ्याचा, असे ऐकायला मिळते.

मंद्रसप्तक

मी या संगीताचा श्रोता नाही. मुलाने धागा दाखवला म्हणून वाचला, आणि फितीवाला यांचा प्रतिसाद वाचून राहवले नाही. आमच्या पिढीच्या पुण्यातील कानसेनांनी खासगी मैफलींच्या स्पूल आणि कॅसेटी एकमेकांना देत-घेत आयुष्य काढले. कोणाची कॉपी कितव्या हातची, कोणत्या यंत्रावर केलेली, याची आम्ही बारकाईने चौकशी करीत असू, आणि पट्टी चढल्यामुळे गवयाचा आवाज कोवळा झालेल्या प्रती आमच्यापैकी अनेकांच्या कपाटात आजही असतील.

पण मला एक फरक मांडावासा वाटतो. खासगी मैफलीचे ध्वनिमुद्रण कितीही खराब असले तरी गाणे त्यात पूर्ण झालेले असते, कारण ख्यालाची रचना त्या बैठकीतच होते आणि तिथेच संपते. तुमच्या डेमोत गाणे अजून ठरायचे आहे. त्याच्या जवळचे उदाहरण मला गीतरामायणाचे वाटते. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते दर आठवड्याला प्रसारित झाले, तेव्हा पात्रांनुसार वेगवेगळ्या गायकांनी ती गाणी गायली होती. माणिक वर्मा त्यात होत्या, वसंतराव देशपांडेही होते. पुढे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले ते मात्र एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजातील गीतरामायण. रचना त्याच, चाली त्याच, परंतु पहिल्या रूपात ते अनेकांच्या तोंडचे नाट्य होते आणि दुसऱ्या रूपात एका निवेदकाची कथा झाले. ज्यांनी दोन्ही ऐकले त्यांना पहिल्या रूपाची ओढ वाटते ती त्यातील खरखरीमुळे नव्हे. तेव्हा कोथरूडकरांनी डेमोला एकदम कचरापेटीत टाकू नये, आणि पंखामंडळींनीही खरखरीलाच गाणे समजू नये, असे सुचवतो.

कोथरूडकर

मंद्रसप्तक यांचा आदर राखून सांगतो, गीतरामायणाचे पहिले प्रसारण हे पूर्ण तयारीने लोकांसमोर ठेवलेले काम होते. डेमो तशी नव्हती. मात्र 'द मेकॅनिक्स'चा मुद्दा मला पटला. ते गाणे मी इतकी वर्षे 'द फोर हॉर्समेन'ची बिघडलेली प्रत म्हणूनच ऐकत होतो. तिकडून इकडे ऐकायला हवे होते.

तिरकीट

मी हौशी ड्रमर आहे, म्हणून फितीवाला यांच्या मुद्द्याला वादनाच्या बाजूने एक जोड देतो. डेकचा वेग चुकला तर लय आणि पट्टी दोन्ही एकदम बदलतात, कारण फीतच जलद किंवा सावकाश जाते. वाजवणारा पळाला तर लय वाढते, पट्टी जागच्या जागी राहते. म्हणजे गाण्याच्या सुरुवातीची आणि शेवटची लय फोनवर टकटक करून मोजावी आणि त्याच दोन ठिकाणी गिटारची पट्टी ट्यूनरवर पाहावी. पट्टी स्थिर असून ठोके वाढले असतील तर ती वाढ उलरिकची आहे, फितीची नाही.

मी 'मोटरब्रेथ' आणि 'हिट द लाइट्स' यांवर हे करून पाहिले. लय हलते ती बहुतेक वेळा गाण्याचा एक भाग संपून दुसरा सुरू होतो तिथे. रोल (ड्रमवरच्या जलद ठोक्यांचा तुकडा) वाजवताना उलरिक पुढे सरकतो आणि पुढच्या भागाच्या पहिल्या ठोक्यावर बाकीचे त्याला येऊन मिळतात. मेट्रोनोम लावून वाजवणाऱ्याला हा दोष वाटेल. मला तो या कॅसेटवरचा सर्वांत जिवंत भाग वाटतो, कारण चौघे एकमेकांकडे बघत वाजवत असावेत असे तिथेच वाटते. हेटफिल्डची उजव्या हाताची गिटार मात्र त्या वयातही जवळजवळ कुठे डगमगत नाही. ड्रम पळाले की सावरते ती तीच. धागाकर्ते ज्याला आग म्हणतात ती या ओढाताणीत आहे, आणि ती फितीने आणलेली नाही हे मोजून सांगता येते.

अनामिका_पुणे

चर्चा वाचून आनंद झाला, परंतु एक गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटते आहे. फितीचा कच्चेपणा बाजूला काढून 'खरी' डेमो शोधायची असे सगळे गृहीत धरून चालले आहेत. या कॅसेटचा इतिहास पाहिला तर तिने जे काही केले ते कॉपी होऊनच केले.

त्या काळी अमेरिकेत आणि युरोपात हेवी मेटलचे चाहते एकमेकांना टपालाने कॅसेटी पाठवत असत. उलरिक स्वतः त्या जाळ्यातला होता. ब्रिटनमधल्या नव्या बँडांच्या रेकॉर्डी गोळा करणारा, पत्रे लिहिणारा मुलगा. बँडचे नावही त्याला सॅन फ्रान्सिस्कोतल्या रॉन क्विंटाना या चाहत्याच्या यादीतून मिळाले. क्विंटाना त्या वेळी आपल्या मासिकासाठी नाव शोधत होता. या डेमोच्या कॉप्या त्याच वाटेने पसरल्या आणि न्यू जर्सीत जॉन झझुला याच्या कानावर पडल्या. झझुला आणि त्याची पत्नी मार्शा हे ईस्ट ब्रन्सविक इथल्या एका फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या बाजाराच्या धर्तीवरच्या बाजारात, रेकॉर्डींचा गाळा चालवत होते. त्यांनी बँडला बोलावून घेतले. मंडळी सामानाचा ट्रक घेऊन अख्खा देश ओलांडून पूर्व किनाऱ्यावर पोहोचली. दुसरी कोणतीही कंपनी अल्बम काढायला तयार होईना, तेव्हा या दांपत्याने मेगाफोर्स ही स्वतःची कंपनी उभी केली आणि 'किल एम ऑल' काढला.

म्हणजे ज्यांच्यामुळे पुढचे सगळे घडले त्यांनी ऐकली तीही कॉपीच. त्यांच्या गाळ्यातल्या डेकचा ॲझिमथ जुळलेला होता की नाही कोणास ठाऊक, पण गाणी त्यातूनही पोहोचली. फितीवाला यांच्या पद्धतीने वेग दुरुस्त करून ऐकणे मला मान्य आहे. खरखर पूर्ण पुसून, झांजा चकचकीत करून ऐकणे मात्र नको. १९८२ मध्ये अशी कॅसेट कोणी ऐकलीच नव्हती.

जाता जाता एक गंमत. या डेमोच्या थोडे आधी, १९८२ मध्येच, 'मेटल मॅसेकर' या संकलनात या बँडचे 'हिट द लाइट्स' आले होते, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीवर बँडच्या नावात एक 'टी' जास्त छापला गेला होता.

फितीवाला

अनामिका यांचा मुद्दा बिनतोड आहे. बँडने ही डेमो एप्रिल २०१५ मध्ये रेकॉर्ड स्टोअर डे या रेकॉर्ड दुकानांच्या वार्षिक दिवसाच्या निमित्ताने अधिकृतपणे पुन्हा काढली तेव्हाही ती कॅसेटवरच काढली. ती ऐकली तर खरखर कमी आणि झांजा जागेवर असे चित्र दिसते, पण वादनातली ओढाताण तशीच आहे. त्यामुळे तिरकीट यांनी केलेली मोजणी ज्यांना करायची असेल त्यांनी त्या प्रतीवरून करावी. अनेक हातांतून आलेल्या कॉप्यांवरून केलेली मोजणी शेवटी त्या डेकांची मोजणी ठरते. विस्तारित आवृत्ती काढण्याचे बोलणे मात्र गीतकारांच्या श्रेयावरून फिसकटले, असे मस्टेनने जाहीरपणे सांगितले आहे. 'किल एम ऑल'वर चार गाण्यांच्या श्रेयात त्याचे नाव आहे, आणि डेमोवर ती चारही आहेत.

तिरकीट

एक शंका. आमच्या गटात २०११ साली बंगळूरला मेटॅलिकाच्या कार्यक्रमाला गेलेले दोघे आहेत. ते म्हणतात की डेमोवर बास जवळजवळ नाहीच, आणि हाही फितीचाच परिणाम असणार. मला ते पटत नाही, पण उत्तर देता येत नाही.

फितीवाला

तुमची शंका रास्त आहे. कॉपी होताना आधी जातात ते वरचे स्वर. खालचे स्वर त्या मानाने बरेच टिकतात; उलट वरचे गेल्यामुळे बास अधिक जड वाटू लागतो. त्यामुळे चार हातांतून गेलेल्या कॅसेटवर झांजा हरवल्या आणि बासही वेगळा ऐकू येत नाही, असे झाले, तर पहिली गोष्ट फितीच्या खात्यावर टाकावी, दुसरी नाही. मॅकगव्हनीला बास वाजवायला हेटफिल्डनेच शिकवले होते आणि तो ऱ्हिदम गिटारच्या पावलावर पाऊल टाकूनच वाजवत असे. दोन वाद्ये एकाच वेळी एकच स्वर धरतात तेव्हा कान त्यांना एकच जाड गिटार समजतो. तुमच्या मित्रांना 'सीक अँड डिस्ट्रॉय' दोन्हीकडचे लावून द्या आणि फक्त खालच्या स्वरांकडे लक्ष ठेवायला सांगा. अल्बममध्ये बर्टन गिटारपासून सुटून मधल्या मोकळ्या जागांत शिरतो, डेमोवर तिथे काहीच नाही. मॅकगव्हनीच्या बाजूने एवढे म्हणायला हवे की सराव त्याच्याच नॉरवॉकच्या घरी होत असे आणि सामान वाहून नेण्याची व्यवस्थाही तोच पाहत असे.

पेठेतला_पंखा

आमच्या प्रतीचा आलेख काढला. ६० चा उंचवटा ६१ च्या थोडा पुढे आहे, आणि ५० च्या जवळ दोन उंचवटे आहेत. एक नेमका ५० वर, म्हणजे आमच्या डेकचा. दुसरा ५१ च्या जरा अलीकडे, म्हणजे मधली एक कॉपी तरी अमेरिकेबाहेर, आपल्याकडे किंवा युरोपात, झालेली आहे. ज्याच्याकडून ही कॅसेट घेतली त्याने ती थेट अमेरिकेतून आलेली आहे असे छातीठोकपणे सांगितले होते. वेग दोन टक्के उतरवून ऐकली तर हेटफिल्डचा आवाज किंचित भरीव होतो, तरीही अल्बमपेक्षा चढाच राहतो. तेव्हा कोथरूडकरांचा पातळ आवाजाचा मुद्दा दोन टक्के वजा जाता मान्य.